जावंचा जिना

जळकुटी म्हणा मला, पर ऐका. माझी धाकटी जाऊ शांता, तिनं माकणीत घर बांधलं अन् जिन्याला काळा चकचकीत ग्रॅनाईट बसवला. म्या बघून आले, तवापासून मला घास गोड लागंना.

आमच्याबी जिन्याचं काम तवाच निघालं. गवंडी रफिकभाई म्हणले, "आजी, शहाबादी फरशी घाला. खरबरीत असती, पाय सरकत न्हाय, जन्मभर टिकती."

म्या म्हणलं, "शांताच्या जिन्यात तोंड दिसतं. माझ्याबी दिसलं पायजे."

"तोंड बघायला आरसा घ्या की, आजी!"

ऐकते व्हय म्या? ग्रॅनाईटच बसवला.

उन्हाळ्यात कुरडया घालायला गव्हाच्या चिकाचं पातेलं गच्चीवर नेलं. जाताना पायरीवर थोडा चीक सांडला. उतरताना नेमका त्याच्यावरच पाय पडला अन् म्या बसल्या बसल्या खाली आले. मनगट मोडलं.

शांता भेटायला आली. प्लास्टर बघून म्हणली, "आक्का, ग्रॅनाईट घालायच्या आधी मला तरी विचारायचं! आमचे हे दोनदा आपटले त्याच्यावर. गेल्या महिन्यातच समदा काढून टाकला."

"मग आता काय घातलं?"

"शहाबादी. लई भारी दिसती बगा!"

खरं सांगते, पडले तवा एवढं दुखलं नव्हतं. ती दाराबाहीर गेली की चांगल्या हातानं रफिकभाईला फोन लावला.

"शहाबादीच घाला आता. पर आधी शांताची बघून या, माझी तिच्यापेक्षा चांगली दिसली पायजे."