तिसरं सँपल

डॉ. मयुरी: घड्याळाकडे नको पाहू, आम्रपाली. नागपूरचे सर बारापर्यंत रिपोर्टचा फोन करतो म्हणाले, तर करतीलच.

जिजाबाई: बारा तं वाजून गेले नं बाई! पाच दिवसांत तीनदा सुई टोचली माया सुनेच्या पोटात. बस झालं म्हनतो मी.

आम्रपाली: मले नाही दुखलं, आत्याबाई.

जिजाबाई: खोटं नोको बोलू. नागपूरहून परसवाडा येईपर्यंत ओठ दाबून बसली होती. बाई, पोटातल्या लेकराच्या लघवीची वाट बंद हाय नं? मंग नळी टाका अन् मोकळी करा. तपासत काय बसता?

डॉ. मयुरी: नळी सगळ्यांनाच टाकत नाहीत, मावशी. लघवी तुंबून तुंबून बाळाची किडनी खराब झाली असेल, तर नळीचा काही फायदा नाही. उलट हिलाच धोका. चांगली किडनी मीठ आत ठेवते, बिघडलेली लघवीत सोडून देते. पहिलं सँपल जुन्या तुंबलेल्या लघवीचं, त्यावर भरवसा नाही. दुसऱ्यात मीठ थोडं कमी झालं. तिसऱ्यात शंभरच्या खाली आलं पाहिजे.

आम्रपाली: अन् नाही आलं तं?

डॉ. मयुरी: तर सर नळीचं ऑपरेशन करणार नाहीत. मग बाळ वाचणं अवघड.

आम्रपाली: मी सही करून देतो नं. मले काही झालं तं कोनाले बोल नाही लावत.

जिजाबाई: थोबाड फोडीन! सही करते म्हने! महेंद्र उद्या हैदराबादहून येऊन राह्यला, माया लेकाले काय सांगू मी?

डॉ. मयुरी: सहीनं किडनी सुधरत नाही, बेटा.

आम्रपाली: बाकी तं सगळं चांगलं हाय म्हनलं तुमी. दिल, डोकं, सगळं.

डॉ. मयुरी: हौ. आता एवढंच राहिलं.

आम्रपाली: मॅडम, एक सांगा. पहिल्या सोनोग्राफीत पोटातलं पानी कमी हाय म्हनलं होतं. तं मी तीन हप्ते पानीच पेत राह्यलो. ग्लुकोज, नारळपानी...

जिजाबाई: मी पाजलं. तिची काही गलती नाही. बाटली घेऊन मांगं फिरत होतो मी. आठ दिवसांनी परत या म्हनलं होतं. मीच म्हनलं, पानी पेलं का भरते, दवाखाना काहून? आमाले काय मालूम, थे पानी लेकराच्या लघवीनंच बनते म्हनून!

आम्रपाली: तवाच आलो असतो तं?

डॉ. मयुरी: खोटं बोलणार नाही मी. कदाचित तेव्हाही असंच निघालं असतं. कदाचित नसतं.

जिजाबाई: कदाचित नोका म्हनू, बाई. सरळ सांगा.

डॉ. मयुरी: सरळ हेच आहे, मावशी.

जिजाबाई: माई अनुसया बाळंतपनात गेली. पोटची पोरगी. तवापासून घरात कोनी पोटुशी राह्यली का माया छातीत धडधडते. नातवंड मले बी पाह्यजे, पन हिच्या बदल्यात नोको.

आम्रपाली: बदल्यात कोन मांगून राह्यलं, आत्याबाई?

(फोन वाजतो.)

डॉ. मयुरी: जी सर, बोलिए... हां, दोनों यहीं बैठी हैं... एक सौ अट्ठाईस?... दूसरे से भी ज़्यादा?... नहीं सर, मैं बता देती हूँ.

आम्रपाली: बोला नं, मॅडम.

डॉ. मयुरी: मीठ वाढलं, आम्रपाली. दोन्ही किडन्या खराब झाल्या आहेत. ते ऑपरेशन करणार नाहीत.

जिजाबाई: बरं झालं.

डॉ. मयुरी: मावशी!

जिजाबाई: नाही वो... तसं नाही...

आम्रपाली: आनखी एक सँपल घ्या म्हनाव नं त्यायले.

डॉ. मयुरी: चौथ्यानं काही बदलणार नाही, बेटा. सोनोग्राफीतही किडन्या तशाच दिसतात. उद्या महेंद्रला घेऊन ये. पुढचं सगळं बसून बोलू. मी आहे.

जिजाबाई: आम्रपाली... माया तोंडातून काय निंगालं, थे तुवं आयकलं.

आम्रपाली: आयकलं.

जिजाबाई: मंग शिव्या दे मले. अशी गुमान नोको बसू वं, पोरी.

आम्रपाली: हात द्या इकडे.

जिजाबाई: काहून?

आम्रपाली: इथं ठेवा. हालून राह्यलं.