मोर्लाँची नदी

(लेस्टर, २००७. शनिवारची दुपार. निवृत्त रेडिऑलॉजिस्ट शशिधर, त्यांची पत्नी सुनीती आणि इथेच वाढलेली मुलगी तनया.)

शशिधर : ...आणि इथे मी जरा थांबणार. मग म्हणणार, 'मंडळी, राजाचा हा लाडका इंजिनियर नकाशात चक्क खोटं बोलला!'

सुनीती : फार थांबू नका हं. मराठी मंडळातल्या लोकांना वाटेल भाषण संपलं, उठतील चहाला.

शशिधर : अगं, उठतील कसे? एतियेन मोर्लाँ म्हणजे काय माणूस! गवंड्याचा मुलगा, बाविसाव्या वर्षी फ्रान्सच्या राजाच्या फौजेत. अख्खा किनारा पायी फिरून मोजला, अकरा किल्ले बांधले. आणि एका नकाशात नदी किल्ल्याच्या पूर्वेला दाखवायची ती पश्चिमेला! गव्हर्नरनं तक्रार केली, नोकरी गेली. तरी मरेपर्यंत राजाला पत्रं, 'माझा नकाशा बरोबर आहे.'

सुनीती : पाठ आहे मला. दोन वर्षं रोज आपल्याकडे जेवायलाच असतो तो.

तनया : बाबा, पॅरिसहून मोठा पार्सल आलाय. आर्काइव्हचा. मी उघडू?

शशिधर : नकाशाची कॉपी! अगदी वेळेवर. मी त्या दफ्तरखान्यात गेलो तेव्हा फोटो काढू देईनात, नुसती वही-पेन्सिल. उघड, उघड!

तनया : ओ वाव. किती सुंदर आहे! बाबा, वर नॉर्थ ना?

शशिधर : हो, बाण काढलाय बघ.

तनया : मग नदी राइटला आहे. राइट म्हणजे ईस्ट.

शशिधर : लेफ्टला गं. माझ्या वहीत स्वच्छ लिहिलंय, डावीकडे.

तनया : तू ये आणि बघ.

शशिधर : ...अरे देवा.

सुनीती : अहो, काय झालं? बसा आधी.

शशिधर : उजवीकडेच आहे. छत्तीस वर्षं एक्स-रे वाचले गं. पेशंट आपल्याकडे तोंड करून असतो. फिल्मवर उजवीकडे दिसेल ते त्याचं डावं. हात सवयीनं लिहून गेला.

तनया : बाबा, तू नकाशाचा एक्स-रे वाचला!

सुनीती : अगंबाई! किल्ल्याच्या छातीचा फोटो!

शशिधर : हसा. तासाभरात भाषण आहे आणि चाळीस पानं वाया.

तनया : पण मग मोर्लाँ खोटा नाही बोलला ना?

शशिधर : नाही... नाहीच! गव्हर्नरनं आळ घेतला. नकाशा राजाच्या कपाटात पडलेला, उघडून बघतंय कोण? तनया, तो खरं बोलत होता गं! त्याला खोटारडा म्हणताना माझ्या जिवावर यायचं. काय आनंद झालाय मला, काय सांगू!

सुनीती : मग हेच सांगा की तिकडे जाऊन.

शशिधर : आणि माझी चूक? समोर राजीव, वैजयंती, सगळे माझ्या हाताखाली शिकलेले. डावं-उजवं तपासा म्हणून किती ओरडलोय मी त्यांच्यावर.

सुनीती : तो बिचारा जन्मभर एकटा भांडला. तुम्हाला पाच मिनिटं हसतील, एवढंच.

शशिधर : खरंय. पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. 'मंडळी, मोर्लाँ बरोबर होता, मी चुकलो.' ...सुनीती, अगं कुठे चाललीस?

सुनीती : साडी बदलायला. चौतीस वर्षं झाली लग्नाला, हे वाक्य मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार.