तपासायच्या आधीचा खोकला

छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक सासरे आणि त्यांची सून.

"बाबा, खोका ना जरा."

"येतच नाहीये, तर काय करू?"

"घरी रात्रभर खोकता. इथे तासभर गार हवेत बसलात की छाती साफ. मग डॉक्टर म्हणणार, सगळं ठीक आहे."

"इथे हवा शुद्ध करायचं मशीन आहे. घरी काय आहे?"

"घरी खिडकी आहे. उघडली की धूर, लावली की भट्टी."

"आम्ही राहायला आलो तेव्हा त्याच खिडकीखाली मी उन्हाळाभर झोपायचो. पंखासुद्धा नव्हता."

"ते डॉक्टरांना सांगून काय उपयोग? उठा, रस्त्यावर जाऊन उभे राहू."

"या उन्हात? अगं, तिथे खोकला येईल."

"त्यासाठीच तर. नंबर पुकारला की तसंच आत शिरायचं आणि खोकला थांबायच्या आत तपासून घ्यायचं."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरेल नाही तर काय. दर वेळी डॉक्टरांसमोर मीच खोटी पडते."

सासरे कुरकुरत उठले. समोरच्या बाकावरचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "चल, आपणही जाऊ."