काचेतला कागद

माझं गाव उदगीरच्या खालतं, कर्नाटकाच्या शिवेला. जल्म तिथलाच, साल सांगता येणार न्हाई, निजामाचं राज व्हतं एवढं खरं. दोन पावसाळे साळंत गेलो, नाव लिव्हायला शिकलो, मग बापानं ढोरामागं धाडलं. पण नाव येतं मला. अंगठा म्या जिंदगीत कुठं दिला न्हाई, हे आधी लिव्हून घ्या.

तर लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या मागून दुष्काळ पडला. लोक म्हणू लागले, आता जिल्हा जवळ आला, आता पाणी बी येईल. जिल्हा आला, पाणी कुठं आलं? हरणं पाण्यापायी वस्तीला येऊ लागली आन् एक पाडस माझ्या कोरड्या हिरीत पडलं. दोर लावून काढलं म्या. आमची मालकीण, पारू, म्हणली, हे जगत न्हाई. म्या म्हणलो, जगतंय बघ. मग तिनंच शेळीला लावलं, शेळी आधी लाता झाडायची, मग करडाला सोडून त्यालाच चाटायची. पारूनं गळ्यात घुंगरू बांधलं. दोन महिन्यांत ते माझ्यामागं पार चावडीपर्यंत यायचं, काय सांगू तुम्हाला.

मग गुरुजी म्हणले, साळंत जंगली जनावरं राखायचा दिवस हाय, दरसाली असतो, जिल्ह्याचे साहेब येणार, पाडस घेऊन या. धोतर धुतलं, पाडसाला हळद लावली, दोघं बी गेलो. साहेबानं नारळ दिला, शाल दिली, टाळ्या झाल्या. टाळ्या सरतात न सरतात तोच दुसरा साहेब, जंगलखात्याचा, म्हणला, मामा, हे घरी ठेवणं गुन्हा हाय. मग शाल कशाची? म्हणला, वाचवल्याची. मग गुन्हा? म्हणला, ठेवल्याचा. म्या म्हणलो, अहो ठेवलं म्हणून तर वाचलं. सगळे हसले. दोन कागद पुढं सरकवले, एक शालीचा, एक पाडसाचा, अंगठा उठवा म्हणले. म्या सही केली, दोन्हीवर. एक मला दिला, एक त्यांनी नेला, पाडस बी जीपमधी घातलं, माळावर कळपात सोडतो म्हणले. पारूनं घुंगरू तेवढं सोडून घेतलं. शेळी चार दिस वरडत व्हती.

कागदाला म्या उदगीरहून काच बसवून आणली, देवाशेजारी लावला. पाव्हण्याला लांबूनच दाखवायचो, सरकारनं मान दिलाय. परवा नातीनं पुसायला काढला आन् वाचून हसायलाच लागली. म्हणली, आबा, हे बक्षिसाचं न्हाई, हा तुमचा जबाब हाय, पाडस बेकायदा बाळगलं, पुन्हा बाळगणार न्हाई. कारकुनानं कागद अदलाबदल केले असतील. म्हंजी मान तिकडं त्यांच्या कपाटात आन् गुन्हा माझ्या देवाशेजारी, इतकी सालं.

काढून ठेवू का म्हणली. राहू दे म्हणलो, सही माझी हाय. पण पुन्हा बाळगणार न्हाई, हे म्या कवा कबूल केलं? उद्या हिरीत दुसरं पडलं तर काढू का नको? पारू जाईस्तोवर एकच पुसायची, जगलं असंल का हो ते? जगलं, म्हणायचो म्या. नातीला म्हणलो, बाई, सगळा कागद वाच, खालचं बारीक बी वाच, पाडसाचं पुढं काय झालं ते हाय का कुठं. तिनं दोनदा वाचला. न्हाई म्हणली.