पुढचा दांडा

— नाई गा बापू, नुसते कमानीचे पाटे वाढवले अन् मोठे टायर चढवले म्हणजे झालं, असं नसते. जीप उंच दिसते, चौकात लोक पाहतात, पण गिअर जुनेच ठेवले तर चढावर रडते. दोन्हीकडचे बदलावे लागतात — मागच्या चाकांचे अन् पुढच्याही — अन् दोहींचा हिशेब सारखा. शाळा नाई पाहिली मी, पण गिअर रॉकेलात धुताना दात मोजते. फरक राहिला अन् पुढचा दांडा ओढून चारही चाकं जोडली, तर चाकं आपसात भांडतात, मधला शाफ्ट पिळत जाते. चिखलात निभून जाते, चाक घसरते ना. डांबरावर नाई निभत.

कसं ठाऊक? माह्या जवायाच्या जीपवरून. रुपराव त्याचं नाव. धानाच्या व्यापाऱ्याची मिलटरीच्या लिलावातली जीप चालवे. आमच्या मालकानं — हे गॅरेज त्यांचंच, आता नाईत ते — मागचे गिअर बसवले, पुढचे मिळाले नव्हते. मले म्हणाले, "मी बाहेर जातो, जवायाले सांगजो, पुढचा दांडा ओढू नको म्हणा." सांगितलं ना मी. सांगितलं.

त्याच सकाळी, इथंच गॅरेजमागच्या खोलीत, त्यानं माह्या गोपिकेले मारलं होतं. काहून? भिवापुरी मिरचीचा ठेचा अन् तिखट नाई लागला म्हणून! जीप सुरू कराचं लोखंडी हँडल उचललं अन् कोपरावर हाणलं — हात उलटा लोंबे पोरीचा. हँडल तिच्याच पदराले पुसलं, अन् गाणं म्हणत आंघोळीले गेला. मी तिले हळद लावून राहिली होती, तं हा भांग पाडून आला. म्हणे, "आई, नेऊ का जीप?" मी म्हटलं, "ने बापा." — बस, इतकंच म्हटलं.

काय? आत्ताच तं म्हटलं सांगितलं म्हणून? — म्हटलं असन.

रामटेककडच्या धानाच्या बांध्यांतून, चिखलातून, दांडा ओढून निघाला, अन् डांबरी रस्त्याले लागला तरी दांडा तसाच. शाफ्ट तुटला, टोक रस्त्यात रुतलं, अन् ती उंच केलेली जीप टोपल्यासारखी उलटली. मी पोहोचली तं जित्ता होता. स्टिअरिंग छातीत, तोंडाले रगताचा फेस. म्हणे, "आई, पाणी." मी पहिले दांडा पाहिला. ओढलेलाच. पाणी? लोटा हातात होता ना. पाजलं — नाई. नाई पाजलं. त्याच्या डोळ्यासमोर मातीत ओतलं. लय वेळ पाहत होता तो लोट्याकडे.

तुह्या जीपमध्ये बसली ती बायको ना तुही? मघापासून पदराखाली हात धरून हाये. पडली म्हणतं? गोपिकाही पडे. दर आठवड्याले पडे. — आवाज खाली कर. आतमध्ये गोपिका हाये, डाव्या हातानं पाना चालवते, अन् पाना जड हाये.

उतर वं माय. भेऊ नको, उतर. चुलीवर चहा हाये.

अन् तू काहून उभा गा? जीपचं? ठेव नाई तं ने. ठेवली तं दोन्हीकडचे गिअर बसवून देईन, दातही मोजीन. बरोबर मोजीन की नाई — ते मले इचारू नको. जाय.