पाठीवरची चमकपट्टी

माझं नाव रत्ना. माहेर अक्कलकोटच्या अंगाला, म्हनून घरात निम्मं कानडी आन निम्मं मराठी, अजून बी राग आला की माझ्या तोंडातनं कानडीच येतंय. लगीन करून दिलं ते सोलापूरच्या भायेर, पाच-सहा मैलांवरच्या खेड्यात. घरधनी रानात कामाला. मी शिवनकाम शिकले आन शहरात युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात लागले. एसटीची येळ जुळंना म्हनून पस्तिशीत सायकल शिकले. काय सांगू तुमाला, बायका दारात उभं राहून बघायच्या, आन मी दोनदा बाभळीत गेले, पर शिकले.

बाकी वरीसभर काय वाटत न्हाय, थंडीचंच लई अवघड. सातला मशीनवर बसायचं म्हंजे सहाच्या आत निघायचं, आन तवा मिट्ट काळोख. त्यात उसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या वडत ट्रॅक्टर जातेत. आन माझ्या अंगावर काळी शाल.

दोन वर्सामागं असाच एक ट्रॅक्टर मागनं आला. अगदी जवळ आल्यावर त्याच्या उजेडात मी घावले, त्यानं करकचून ब्रेक दाबला, आन मी घाबरून सायकलीसकट रस्त्याकडंच्या चारीत. गुडगा फुटला, भाकरी मातीत. डायवर खाली उतरला, चांगला मिशाळ गडी, आन आदी माझी सायकल वर वडून काढली. अक्का, देवाशपथ, तुमी दिसलाच न्हाईसा, म्हनाला. शिव्या अगदी व्हटावर आलत्या, कानडीतल्या, पर त्याचं तोंड बघून गिळल्या. त्याचं खरंच व्हतं की. दिसनार कशी मी?

त्या दिवशी मशीनवर बसले तर हातात काय, रस्त्यावर काम करनाऱ्या मानसांची जाकिटं. त्यास्नी ती चांदीसारखी पट्टी असती बघा, उजेड पडला की लखलखती. हज्जार येळा शिवली असंल मी ती, पर आपल्या पाठीचं कधी मनात आलं न्हाय. कटिंगला सलीमभाई हायत, त्यास्नी इचारलं, उरलेले तुकडे न्हेऊ का? लेके जाव अक्का, म्हनाले, नै तो कचरेमेंच जाता.

मग काय, सुट्टीच्या दिवशी बसले. स्वेटरच्या पाठीवर दोन पट्ट्या, बाह्यांवर एकेक, डब्याच्या पिशवीवर बी. अंधार पडल्यावर घरधन्याला बॅटरी देऊन रस्त्यावर लांब उभं केलं आन मी सायकल मारत गेले. त्यांनी बॅटरी लावली, आन हासत खालीच बसले की. म्हनले, आगं, लग्नात बी येवडी चमकली न्हवतीस. मी बी हासले, हासता हासता पडले असते पुन्ना.

मग कारखान्यातल्या बायका मागं लागल्या, आमाला बी लावून दे. जेवायच्या सुट्टीत लावून दिल्या. आमच्या रस्त्याच्या पाचजनी हाव, आता एका वळीत जातो, म्होरं मी, मागं त्या, गप्पा मारत. म्हातारा दूधवाला आमाला वरात म्हनतो.

एक दिवस तो मिशाळ डायवर भेटला. आमास्नी बघून लांबूनच ट्रॅक्टर हळू केला, बाजूला घेतला. अक्का, पार त्या वळनापासनं दिसताय, म्हनाला. आन मग जरा लाजत इचारलं, माझ्या ट्रॉलीला काय करता येईल का, मागचा लाल दिवा टिकतच न्हाय. मी पोत्यावर चार आडव्या पट्ट्या घट्ट शिवून दिल्या, त्यानं त्ये ट्रॉलीच्या मागं तारंनं बांधलं. वर उसाचं एक भलंमोठं कांडकं बी दिलं, पाचजनींनी कारखान्याच्या दारात बसून खाल्लं.

आता या थंडीत तर आमची सासू, तिला पहाटंच देवळात जायचं असतंय, ती म्हनाली, मला बी लाव की गं. तिच्या काठीला गुंडाळून दिली. गल्लीतनं कुनाची गाडी आली की ती मुद्दाम काठी वर धरती, गाडी थांबती, आन म्हातारी राजावानी रस्ता वलांडती. सुखी राहा रे बाबांनो, म्हनती त्यास्नी. माझं बी तेच म्हननं हाय. समद्यास्नी समदे दिसूं द्या, आन ज्येचा त्यो आपापल्या घरी पोचूं द्या.