हेडक्लार्कसाहेबांचा शेवटचा खुनी

...आणि कुठल्या पानावर? तर चौथ्या! अहो, खून अजून व्हायचाय, मरणारा बिचारा आरशासमोर सुखानं दाढी करतोय, आणि त्याला गरम पाणी आणून देणाऱ्या स्वयंपाकिणीच्या नावापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण, खाली 'पाहिले' आणि सही! संपलं पुस्तक! अहो, ह्याला वाचन म्हणतात?

तुम्हाला सांगतो, ही सही आमच्या हेडक्लार्कची. एका गुप्तहेराची कादंबरीमाला होती, वर्षाला एक भाग. ऑफिसात सगळ्यांत मिळून एकच प्रत, आणि ती फिरायची फायलीसारखी... हुद्द्याप्रमाणे! आधी हेडक्लार्क, मग आम्ही. खुनी पहिल्यांदा जिथं दिसेल तिथं हा गृहस्थ सही ठोकून पुस्तक खाली पाठवणार. एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, आम्हालाही जरा डोकं चालवू द्या की!" तर म्हणाले, "तुझं? लेका, ते चालत असतं तर तू ह्या खुर्चीत नसतास?" सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं. ते निवृत्त झाले, मी निवृत्त झालो, तरी प्रत आधी त्यांच्याच घरी; केस गेले, दात गेले, पण एक खुनी माझा मला सापडला असेल तर शपथ! अहो, ह्याला वाचन म्हणतात?

आणि यंदा मालेचा शेवटचा भाग आला... आणि हेडक्लार्कची दृष्टी गेली! मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू? घरी जाईपर्यंत शीळ घालत होतो.

कोरी करकरीत प्रत घेऊन रोज त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागलो. त्यांची सूनबाई म्हणाली, "काका, येत जा हो. तेवढा वेळ आमच्यावर खेकसत नाहीत." माणूस अंथरुणाला खिळलेला, पण तोरा तोच. तिसऱ्याच प्रकरणात ओरडले, "धाकटा जावई! मार खूण!" म्हटलं, "मारली हं, साहेब." मारतोय कसली!

शेवटचं प्रकरण मी वाचलंच नव्हतं. ते मला घरी, दार लावून, एकट्यानं वाचायचं होतं... जन्मात एकदा तरी, खुनी कोण ते माहीत नसताना! मग त्यांना काय ऐकवायचं? पुस्तक उघडं धरलं, डोळे मिटले आणि दिलं ठोकून, "खुनी... म्हातारी नर्स!"

"नर्स? कसं शक्य आहे?"

"असं काय, साहेब? ते उलटं बांधलेलं बँडेज? खिडकीतली ओली छत्री? तुमच्या लक्षात नाही आलं?"

काय भराभर सुचत होतं म्हणता! उशीवरून मान उचलली हो त्यांनी. "म्हणजे मी... चुकलो?"

"साफ चुकलात, साहेब."

पुढ्यातलं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. आठवडाभरात गेले.

त्यांना पोचवून घरी आलो, दार लावलं, चष्मा पुसला आणि शेवटचं प्रकरण उघडलं. तर काय? नर्स! तीच नर्स, तेच बँडेज, तीच छत्री! अहो, मीच... माझ्याच तोंडानं... मलाच आधी सांगून बसलो होतो! ह्याला वाचन म्हणतात?

वाचली, उरलेली पानं वाचली. करतो काय? छपाई चांगली आहे.